जेवणानंतरच्या फोडी

परवा रात्री जेवणं आटोपली आणि धाकट्या नातीनं रोजच्यासारखं विचारलं, "आजोबा, आज डेझर्ट काय?"

"पेरू."

"नुसता पेरू?" तिचा चेहरा पडला.

"नुसता कसा? थांब जरा," म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. दोन पेरू धुतले, उभे आठ-आठ भाग केले, मधला बियांचा गर चमच्यानं काढून एका वाटीत ठेवला, फोडी ताटात गोल मांडल्या आणि मधोमध मीठ-तिखटाची छोटी वाटी ठेवली. तिखट म्हणजे आमचं कोल्हापुरी कांदा-लसूण तिखट, अगदी चिमूटभर. ताट बाहेर आलं आणि पाच मिनिटांत रिकामं झालं. ज्या पोरीनं तोंड वाकडं केलं होतं तिनंच शेवटची फोड उचलली.

तर मंडळी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी मी आमच्या घरच्या फळखात्याचा प्रमुख झालो आहे. तुमच्यापैकी नात्यातले जे आहेत त्यांना हे खातं माझ्याकडे कसं आलं ते ठाऊक आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगतो.

२०२३ ची दिवाळी आटोपली आणि आठ-दहा दिवसांत एका सकाळी हिच्या हातातून चहाची कपबशी निसटली. उजव्या अंगाला सौम्य झटका होता. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. बोलणं महिन्याभरात पूर्ववत झालं, चालणंही सुधारलं. पण उजव्या हाताची बोटं काही पूर्वीसारखी वळेनात. पेन धरवेना, सुई ओवता येईना, आणि सुरी तर नाहीच.

आमच्या घरात रात्रीच्या जेवणानंतर फळ चिरून ठेवायचं ही पद्धत हिची. लग्न होऊन १९७५ साली ती या घरात आली, तेव्हापासूनची. त्याआधी आमच्याकडे असलं काही नव्हतं. माझे वडील चांदीकाम करायचे. हुपरीत तेव्हा घरोघरी हाच धंदा, आजही बराचसा आहेच. दिवसभर भट्टी, मूस आणि हातोडीची ठकठक. आम्हा मुलांना फळ म्हणजे रानातली बोरं, चिंचा, आवळे, जांभळं आणि दगड मारून पाडलेलं कवठ. फळ विकत आणायचं ते देवाला, उपासाला किंवा आजारी माणसाला. सफरचंद तर मी पहिल्यांदा बघितलं ते दवाखान्यात, काकांच्या खाटेजवळ. त्यामुळे सफरचंद दिसलं की घरात कोणीतरी गंभीर आहे असं मला कितीतरी वर्षं वाटायचं! पाहुणा अवचित आला तर शिकरण. केळी कुस्करायची, गार दूध, थोडी साखर, वेलची असली तर वेलची, की झालं गोड. (केळं आणि दूध एकत्र म्हटलं की वैद्य मंडळी डोळे वटारतात. त्यांची क्षमा मागून सांगतो, आम्ही दोन पिढ्या ते पोळीशी खाल्लं आहे.)

ही आली आजऱ्याकडची. तिकडे परड्यात फणस, काजू, आंबा, केळी. जेवण झालं की तिच्या घरी मोठ्या ताटात काहीतरी चिरून मधे ठेवायचे आणि सगळे गोल बसायचे. तिनं हीच पद्धत इथं आणली. माझा पगार तेव्हा बेताचा. एक पपनस नऊ जणांत, दोन चिकू सहा जणांत, असं चालायचं. पण फोडी इतक्या नीटस आणि सारख्या असायच्या की कमी आहे असं कधी वाटलं नाही. माझे वडील तिला गमतीनं म्हणायचे, "सूनबाईंचा हात सोनाराचा आहे."

झटका आला त्यानंतर दोन-तीन आठवडे घरात फळ आलं खरं, पण तसंच राहिलं. टोपलीत केळी काळी पडली, चिकू मऊ होऊन वास यायला लागला. मुलगा धंद्यात, सूनबाई बँकेत, नातवंडं अभ्यासात. सगळ्यांना वाटत होतं दुसरं कोणीतरी चिरेल. एका रात्री ही खुर्चीतून उठली, डाव्या हातात सुरी घेतली आणि ओट्यापाशी उभी राहून सफरचंद कापायला लागली. सफरचंद घरंगळलं, सुरी निसटली. लागलं नाही, पण मला तिचा चेहरा दिसला. दवाखान्यातसुद्धा मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

मी सुरी उचलली. म्हटलं, "तू सांग, मी कापतो."

पहिलं सफरचंद मी जे काही कापलं त्याला फोडी म्हणणं म्हणजे फोडींचा अपमान. एक जाड, एक पातळ, एकीला बी, एकीला साल. शिवाय ताटात मांडून बाहेर नेईपर्यंत सगळं तपकिरी. नातू म्हणाला, "आजोबा, हे गंजलंय का?" ही खुर्चीतून म्हणाली, "अहो, लिंबाचं पाणी लावायचं असतं." सफरचंद, केळं, पेअर ही फळं कापली की त्यांच्यातला रस हवेशी भिडतो आणि रंग धरतो. लिंबाच्या आंबटपणानं ते थांबतं. चाळीस वर्षं हे माझ्यासमोर रोज घडत होतं आणि मला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मी एक वही घातली. मास्तरकीची खोड, दुसरं काय! ती खुर्चीत बसून सांगायची, मी करायचो आणि रात्री लिहून ठेवायचो. त्यातलं थोडं इथं देतो, कोणाला उपयोगी पडलं तर बरंच.

मीठ, चाट मसाला आधी लावून ठेवायचा नाही. मिठानं फळाला पाणी सुटतं आणि फोडी लिबलिबीत होतात. मीठ ताटात, वेगळ्या वाटीत.

अननस कच्चा दह्यात किंवा दुधात घालायचा नाही, थोड्या वेळानं कडू होतं. अननसात एक पाचक द्रव्य असतं, ते दुधातलं प्रथिन फोडतं. शिजवला की त्याचा जोर जातो, म्हणून अननसाचा शिरा चालतो. (माझं पहिलं "अननसाचं रायतं" सगळ्यांनी माझ्यासमोर गप्प बसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी ही हसत सुटली, तेव्हा मला खरं कळलं.)

आंबा कापायच्या आधी तासभर पाण्यात. देठाजवळचा चीक धुतला जातो आणि फळ गारही होतं. कोय चपटी असते, तिच्या दोन्ही कडांनी उभं कापायचं, मग त्या दोन गालांवर आडव्या-उभ्या रेघा मारून साल मागून ढकलायची. फुलासारखा उमलतो. नातवंडांना हे फार आवडतं. फोडींना हापूस, रसाला पायरी, हा हिचा दंडक. हापूस बाहेरून कितीही देखणा असला तरी आत साका निघू शकतो, म्हणून पाहुण्यांसमोर कधीही पहिला आंबा कापायचा नाही, आत कापून बघायचा.

सीताफळ रात्री उशिरा नको, मुलं बिया गिळतात. हातानं गर काढून चाळणीवर घोळायचा, बिया वर राहतात, मग तो गर गार दुधात. साखर लागतच नाही. कवठ फोडून गुळात कालवायचं, महाशिवरात्रीला तर हवंच. नृसिंहवाडीला गेलात तर कवठाची बर्फी आणताच ना? तिचं मूळ हेच, फक्त आपल्या घरचं त्याच दिवशी खाऊन संपवायचं. द्राक्षं मिठाच्या पाण्यात बुडवून, दोनदा धुवून. आणि फणस मात्र घरात आणायचा तर वर्तमानपत्र, खोबरेल तेल आणि दोन माणसं हवीत. हाताला आणि सुरीला तेल लावल्याशिवाय फणसाला हात घालणारा माणूस आयुष्यात ते एकदाच करतो. मी केलं आहे.

या सगळ्यात मुख्य गोष्ट मला उशिरा कळली. मुलांना फळ आवडत नाही असं आपण म्हणतो ते खरं नसतं. अख्खं फळ टोपलीत ठेवून "खा रे, खा रे" म्हटलं तर कोणी खात नाही. तेच फळ धुऊन, चिरून, ताटात मांडून मधे ठेवलं की बोलता बोलता संपतं. एका ताटात दोन रंग असले तर आणखी लवकर संपतं. पांढऱ्या पेरूशेजारी डाळिंबाचे दाणे, पिवळ्या केळ्यावर काळी द्राक्षं. सूनबाई म्हणते, "बाबा, फोटो काढण्यासारखं झालंय," आणि खरंच काढते.

माझंही एक कारण आहे. मला मधुमेह आहे, बारा वर्षं झाली. पूर्वी जेवणानंतर काहीतरी गोड हवंच असायचं. लाडू, बर्फी, सणाला तीन-तीन पुरणपोळ्या. आमचे डॉक्टर म्हणाले, "सर, फळ खा, पण रस काढून पिऊ नका. चावून खा आणि त्या वेळी पोळी एक कमी करा." रस काढला की चोथा जातो आणि साखर पटकन अंगात उतरते, असं त्यांनी समजावलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत रोजच्या ताटात साधारण १०० ग्रॅम फळ सांगितलं आहे. म्हणजे एक बेताचा पेरू. फार नाही. आंबा मी दोन फोडी खातो, मोजून. मोजायचं काम नातीकडे. ती फार कडक आहे. (माझ्यासारख्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, माझ्या वहीवर जाऊ नये.)

आता डाळिंबाचं सांगतो.

हिच्या हाताला व्यायाम द्यायला जो मुलगा यायचा तो म्हणाला, "आजी, बोटांना बारीक काम द्या. मणी उचला, डाळी निवडा." मणी उचलून परत वाटीत टाकायचं काम हिला मुळीच पटलं नाही. "रिकामपणाचे उद्योग!" म्हणाली. मग एक दिवस मी डाळिंब घेऊन बसलो होतो. वरचा मुकुट कापायचा, आत पांढरे पडदे दिसतात, त्या रेघांवरून सालीला बाहेरून चिरा द्यायच्या आणि हातानं उघडायचं. कमळासारखं उघडतं. मी इतपत केलं आणि एक पाकळी हिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "दाणे तू काढ."

पहिल्या दिवशी एका पाकळीला अर्धा तास लागला. निम्मे दाणे फुटले, पातळावर डाग पडले, चार दाणे जमिनीवर. मी मदतीला हात पुढे केला तर तिनं डाव्या हातानं माझा हात बाजूला सारला. काही बोलली नाही. त्या दिवशी वाटीत पंचवीस-तीस दाणे होते आणि ते पाच जणांनी वाटून खाल्ले. नात मोजून म्हणाली, "मला सहा आले."

मग ते रोजचंच झालं. डाळिंब महाग असलं तरी मी आणायचो, औषधाच्या बिलात धरायचो. आठवड्याला थोडी प्रगती, कधी दोन दिवस मागे. २०२४ च्या गणपतीत तिनं आख्खं डाळिंब सोललं. नैवेद्याच्या वाटीत ते दाणे ठेवताना तिचा हात कापत होता, पण सांडला नाही एकही.

चमच्याचीही एक गंमत. बारीक दांड्याचा चमचा तिच्या मुठीत टिकायचा नाही. आम्ही दांड्याला फडकं गुंडाळून दिलं होतं. माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला, पैंजणाचा कारागीर. मराठीत पस्तीस मार्कांवर पास झालेला, ते मीच दिलेले. त्यानं ते फडकं बघितलं, काही बोलला नाही, आणि पंधरा दिवसांनी एक चमचा घेऊन आला. जाड, पोकळ दांड्याचा, वजनाला हलका, चांदीचा. पैशांचं विचारलं तर म्हणाला, "सर, भाव बघून घाबरू नका, घटीतला माल हाय." घटीतला नव्हता, हे मलाही कळतं. चांदीकाम करणाऱ्याच्या घरात वाढलोय. त्या चमच्यानं ही आता सीताफळ खाते, आमरस खाते.

आणि आता पपई. खरं तर हे सगळं लिहायला बसलो ते पपईसाठी.

मला पपईचा वास सहन होत नाही. लहानपणापासूनच. त्यामुळे लग्न झाल्यापासून आमच्या घरात पपई कधी आली नाही. बाजार मीच करायचो. शाळा सुटली की पिशवी घेऊन फिरायचो, मला आवडेल ते घ्यायचो. केळी, चिकू, पेरू, मोसंबी, उन्हाळ्यात आंबे. मी घरी आणायचो, ही चिरायची, सगळे खायचे. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसतं.

२०२४ च्या जानेवारीत माझा मेहुणा बहिणीला बघायला आला, तो परड्यातली एक पपई घेऊन आला. मोठी, देठाकडं केशरी झालेली. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं! पण पाहुण्याची भेट, कापायला तर हवी. नाकाला रुमाल लावावा असं वाटत होतं, तसाच उभी चिरली, काळ्या मिऱ्यांसारख्या बिया चमच्यानं काढल्या, साल काढून फोडी केल्या आणि ताट मधे ठेवलं.

हिनं एक फोड घेतली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी. ती कोणाकडे बघत नव्हती. मी आजवर तिला कुठलंही फळ इतकं मन लावून खाताना पाहिलं नव्हतं. एरवी ती फोडी करायची, वाटायची आणि शेवटी उरलेली कड, कोय, बुडखा तोंडात टाकायची. मेहुणा हसून म्हणाला, "दाजी, ताई लहानपणी पपईच्या झाडाखालीच बसलेली असायची. आई ओरडायची, जेवायला ये म्हणून."

मेहुणा गेल्यावर रात्री मी विचारलं, "तुला पपई एवढी आवडते, कधी बोलली नाहीस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अहो, मलासुद्धा आठवत नव्हतं."

मंडळी, ती रागावून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण ती खरंच सांगत होती. जवळजवळ पन्नास वर्षं एक गोष्ट समोर आली नाही म्हणजे ती आवडत होती हेही विसरायला होतं. मी तिला बंदी कधी केली नव्हती. फक्त पिशवी माझ्या हातात होती.

मी वर्गात मुलींना नेहमी सांगायचो, तुमचं मत मांडा, हात वर करा. चांगलं शिकवायचो असं लोक म्हणतात. असो.

त्या आठवड्यापासून पपई येते. बाजारातल्या मावशी पहिल्यांदा चकित झाल्या, "आवो सर, तुम्ही आणि पपई?" मी म्हटलं, "घरात लागते." वासाची सवय अजून झालेली नाही. नातीनं एक युक्ती काढली, फोडींवर लिंबू पिळायचं आणि ताट फ्रीजमध्ये ठेवायचं. गार झाल्यावर वास बराच कमी होतो. मी एक फोड खातो, औषधासारखी. बाकी ताट तिच्यासमोर.

चैत्रात आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं. आरासीत कलिंगडाचं कमळ करायचं काम कायम हिचं. कलिंगडाच्या मधोमध सुरीनं करवतीसारख्या त्रिकोणी चिरा देत गोल फिरायचं, मग दोन भाग अलगद वेगळे होतात आणि लाल कमळ उघडतं. २०२४ ला ते मी केलं. सुरुवात जिथं केली तिथं शेवटची चीर काही आली नाही, दोन बोटं खाली गेली. आलेल्या बायका पदराआड हसत होत्या. ही म्हणाली, "यंदा गौरीला नवीन माळी मिळालाय." कैरीची डाळ आणि पन्हं सूनबाईनं केलं होतं म्हणून अब्रू वाचली.

तिचा हात आता किती सुधारेल, डॉक्टर काही ठाम सांगत नाहीत. सुरी अजून धरता येत नाही. कदाचित येणारही नाही. तिनं ते मनानं घेतलंय असं दिसतं, मी अजून घेतलेलं नाही. पण रात्री साडेनऊला ताट मधे येतं, घरातले सगळे मोबाइल बाजूला ठेवून गोल बसतात, आणि त्या पंधरा-वीस मिनिटांत दिवसभराचं बोलणं होतं. मुलगा चांदीच्या भावाचं बोलतो, सूनबाई बँकेतलं, नातू क्रिकेटचं. फोडी संपल्या तरी कोणी लगेच उठत नाही. ही पद्धत तिनं या घरात आणली होती. बंद पडायला आली होती, पडली नाही, एवढंच.

तर परवाचा तो पेरू. बियांचा जो गर मी वाटीत बाजूला काढला होता, तो मी टाकून देणार होतो. हिच्या दातांना बिया चालत नाहीत म्हणून काढलेला. तर ती म्हणाली, "टाकू नका. गाळणीवर घासा, बिया वर राहतील. गर दह्यात घाला, मीठ-साखर, जिऱ्याची फोडणी." केलं. वहीत लिहून ठेवलं.

उद्या बाजार आहे. पिशवी धुऊन वाळत घातली आहे. निघायच्या आधी काय आणायचं ते आता मी विचारून जातो. आज संध्याकाळीच सांगून झालंय, "पपई देठाकडं पिवळी झालेली बघून घ्या. मागच्या खेपेला कच्ची निघाली."

बघून घेईन.